पहिला मेसेज कोणी पाठवला? राईनपाडा ते नियम ४(२)

पांझराकाठ | रविवार, रात्री ९:१०

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी लिहिलं होतं की व्हॉट्सॲपवरच्या मेसेजचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची सक्ती सरकारने करू नये. त्यावर एका सदस्यांनी विचारलं, "धुळे जिल्ह्यातले असून असं म्हणता? राईनपाडा विसरलात?" विसरलो नाही. म्हणून हा स्वतंत्र धागा.

मी साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर २८ वर्षं होतो. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. लोक मोबाईल उंच धरून शूटिंग करत होते.

त्याच्या साधारण दोन आठवडे आधी मी स्वतः पालकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या पोरांमधलं एक मूल उचलून नेतात. मला तो एका विद्यार्थिनीच्या आईने घाबरून पाठवला होता. मी वर "पालकांनी काळजी घ्यावी" एवढी ओळ लिहिली आणि पुढे ढकलला. तो व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारी पाटी दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. हे मला राईनपाड्यानंतर कळलं. त्यानंतर कित्येक महिने मला नीट झोप नव्हती.

त्या दिवसांत माझंही ठाम मत होतं की हे सुरू करणारा शोधा आणि फासावर चढवा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने व्हॉट्सॲपकडे हीच मागणी केली. कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, फॉरवर्ड मेसेजवर तसा शिक्का आणला, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. मूळ शोधून द्यायला मात्र नकार दिला, कारण एप्रिल २०१६ पासून तिथले सगळे संवाद एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहेत. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. मधल्या कंपनीकडे किल्लीच नसते.

मग २५ फेब्रुवारी २०२१ ला माहिती तंत्रज्ञान नियम आले. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने, न्यायालयाचा किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खालच्या सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास, माहितीचा 'फर्स्ट ओरिजिनेटर' म्हणजे मूळ पाठवणारा ओळखून दिला पाहिजे, असं नियम ४(२) सांगतो. याच नियमात पुढे एक वाक्य आहे, आणि माझं मत त्या वाक्याने बदललं: मूळ पाठवणारा भारताबाहेरचा असेल, तर भारतात ज्याने तो सर्वात आधी पाठवला, तोच मूळ पाठवणारा मानला जाईल.

आता हे त्या व्हिडिओला लावून बघा. तो करणारे कराचीत, आणि त्यांचा हेतू चांगला. भारतात तो पहिल्यांदा टाकणारा कोण असेल? कदाचित कापणारा हरामखोर. पण कापलेला व्हिडिओ बाहेरूनच आला असेल, तर इथला पहिला माणूस म्हणजे बहुधा माझ्यासारखा एखादा मास्तर किंवा त्या मुलीच्या आईसारखी एखादी आई. नियमाच्या हाताला असाच माणूस लागेल. ज्यांनी खोलीत कोंडून मारलं त्यांना शोधायला मूळ मेसेज लागलाच नाही. त्यांचे चेहरे लोकांनीच काढलेल्या व्हिडिओंत होते.

मला जाणकारांकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा शोध तांत्रिकदृष्ट्या घेतात कसा? आणि त्यासाठी बाकीच्यांना, म्हणजे ज्यांच्यावर कसलाही संशय नाही अशा कोट्यवधी लोकांना, काय द्यावं लागतं?

निवृत्त_फौजदार | सोमवार, सकाळी ७:४०

गुरुजी, प्रांजळपणे लिहिलंत. पण नियम अर्धाच सांगितलात. तो कुठल्याही भांडणाला लागू नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, लहान मुलांचं लैंगिक शोषण, आणि तेही किमान पाच वर्षं शिक्षेचे गुन्हे. शिवाय कमी घुसखोरीचा दुसरा मार्ग असेल तर आदेश काढू नये, आणि मेसेजमधला मजकूर मागता येणार नाही, हेही तिथेच लिहिलंय.

मी ३१ वर्षं खात्यात काढली. अफवेवरून दंगल पेटते तेव्हा आम्ही फॉरवर्ड करणारी चाळीस पोरं उचलतो. त्यांचे आईबाप ठाण्याच्या दारात रडत बसतात आणि ज्याने ठरवून आग लावली तो घरी बसून टीव्ही बघतो. गावठी दारू पिऊन माणसं मेली तर आम्ही पिणाऱ्यांपाशी थांबत नाही, भट्टीपर्यंत जातो. इथे का थांबायचं?

शून्यएक | सोमवार, सकाळी ११:०५

गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी याच क्षेत्रात काम करतो.

मजकूर न वाचता मूळ शोधायचा सर्वात जास्त चर्चेतला मार्ग असा: प्रत्येक मेसेजचा एक 'अंगठा' घ्यायचा. याला हॅश म्हणतात. मजकुरावर गणित चालवून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतात. त्या आकड्यावरून मजकूर परत मिळत नाही, पण तोच मजकूर पुन्हा आला तर आकडा तोच येतो. कंपनीने हे अंगठे, पाठवणारा आणि वेळ यांच्यासह एका वहीत लिहून ठेवायचे. उद्या पोलीस एक मेसेज घेऊन आले की त्याचा अंगठा काढायचा आणि वहीत सर्वात आधीची नोंद बघायची.

अडचण पहिली. उद्या कोणत्या मेसेजबद्दल आदेश येईल हे आज कोणालाच माहीत नसतं. म्हणून वही सगळ्यांची आणि सगळ्या मेसेजची ठेवावी लागते. तुम्ही बायकोला लिहिलेलं "दूध आण" सुद्धा. फौजदार साहेब, तुम्ही सांगितलेली बंधनं आहेत, पण ती वही उघडण्यावर आहेत. वही लिहिण्यावर एकही बंधन नाही.

अडचण दुसरी. अंगठा भयंकर हळवा असतो. एक स्वल्पविराम वाढवला, फोटोची कड जरा कापली, स्क्रीनशॉट काढून पाठवला, की आकडा पूर्ण बदलतो आणि पाठवणारा 'नवा मूळ' होतो. ठरवून आग लावणाऱ्याला हे पाच मिनिटांत कळतं. गुरुजींसारख्या माणसाला कळत नाही, म्हणून सापडतील ते गुरुजी.

दुसराही एक प्रस्ताव होता. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या प्रकरणात आयआयटी मद्रासचे प्रा. कामकोटी यांनी सुचवलं की मेसेजसोबतच मूळ पाठवणाऱ्याची ओळख जोडून द्यावी. त्यावर आपल्या पवईच्या आयआयटीतले प्रा. मनोज प्रभाकरन यांनी सविस्तर टीका केली. त्यांचा रोख असा की बनावट ॲप किंवा परदेशी नंबर वापरणारा या सापळ्यातून सहज निसटेल आणि सामान्य माणूस अडकेल.

लासलगावकर | सोमवार, दुपारी १:२०

तांत्रिक कळत नाही, पण बाजारातला अनुभव सांगतो. आमच्या आजोबांच्या काळात हत्ता पद्धत होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटं दाबत आणि भाव ठरवत. माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा, पण त्याला काही कळत नसे. बाजार समित्या आल्या, उघड लिलाव सुरू झाले, तेव्हा कुठे शेतकऱ्याच्या हाती खरा भाव पडायला लागला. गुपित राखणारा नेहमी दुबळाच असतो असं नाही, एवढंच म्हणायचंय. आज रुमालाखाली मोठमोठे लोकही हात घालून बसलेत.

पांझराकाठ | सोमवार, दुपारी ३:००

लासलगावकर, तुमचा प्रतिसाद वाचून तासभर विचार करत होतो. खरं आहे. पण त्या रुमालाचा दोष कशात होता? माल शेतकऱ्याचा आणि त्यालाच रुमालाबाहेर ठेवलं होतं. माझ्या आणि माझ्या मुलीच्या बोलण्यात माल आमचाच, आणि रुमालाखाली हातही आमचेच. शिवाय बाजार समितीने लिलाव बाजाराच्या आवारात उघड केले. सौदे थांबवायचे म्हणून गावातल्या प्रत्येक घरात, प्रत्येक उपरण्याखाली तिसरा हात घातला नाही.

लहानपणी आम्ही 'च'च्या भाषेत बोलायचो. "चलाम चणीपा चेद." मोठ्यांना कळू नये म्हणून. आईला सगळं कळायचं, पण ती कळत नाही असं दाखवायची. माणसाला खाजगी बोलायची गरज गुन्हा करण्यासाठीच पडते हे मला मान्य नाही.

फौजदार साहेब, तुमच्या भट्टीच्या उदाहरणाबद्दल. भट्टी शोधायची म्हणून तालुक्यातल्या प्रत्येक घरात कोण कधी काय शिजवतं याची रोज नोंद ठेवा, असं तुम्ही कधी मागितलं होतं का?

निवृत्त_फौजदार | सोमवार, सायंकाळी ६:१५

नाही मागितलं. मुद्दा पोचला.

पण माझा एक प्रश्न सोडून पुढे जाऊ नका. मुलांच्या शोषणाच्या चित्रफिती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या केंद्राशी करार केला. तिथून माहिती येते, राज्यांकडे जाते. आपल्या राज्याच्या सायबर पोलिसांनी, महाराष्ट्र सायबरने, त्यावरच 'ऑपरेशन ब्लॅकफेस' ही कारवाई केली. ही माहिती कंपन्यांना मिळते कारण त्यांना मजकूर दिसतो. डिसेंबर २०२३ पासून फेसबुकचं मेसेंजरही एंड टू एंड व्हायला लागलं. उद्या सगळंच बंद डब्यात गेलं तर त्या पोरांचं काय? आणि किल्ली फक्त सरकारकडे, न्यायालयाच्या देखरेखीखाली ठेवली तर बिघडतं काय?

स्वाती_कोल्हापूर | सोमवार, रात्री ८:३०

मी महिला समुपदेशन केंद्रात काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना धमकीचे मेसेज येतात, फोटो व्हायरल करीन म्हणून. शंभरातल्या जवळजवळ सगळ्यांना पाठवणारा कोण ते माहीत असतं. नंबर समोर असतो, मेसेज हातात असतो. एन्क्रिप्शन तिच्या आड येत नाही, कारण ती स्वतः घेणारी आहे, कुलूप तिच्या फोनमध्ये उघडलेलंच असतं. अडतं ते तक्रार नोंदवून घ्यायला. एका ठाण्यात एका मुलीला तीन वेळा परत पाठवलं. चौथ्या वेळी मी सोबत गेले तेव्हा कागद हातात घेतला.

आणि याच बायका माझ्याशी बोलतात तेही याच कुलपाच्या भरवशावर. नवरा कुठे नोकरीला आहे, दीर कुठल्या खात्यात आहे, हे मला माहीत असतं. वही कोणाकोणापर्यंत पोचू शकते याचा विचार त्यांना करावा लागतो. तुम्हाला-आम्हाला लागत नाही.

शून्यएक | सोमवार, रात्री १०:५०

फौजदार साहेब, किल्ली सरकारकडे ठेवली तर काय होतं याचं उत्तर ग्रीसमध्ये मिळालंय. जरा सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय असते. पोलिसांनी आदेश आणला की ठरलेल्या नंबरच्या कॉलची एक प्रत दुसरीकडे वळवायची. व्होडाफोन ग्रीसकडे एरिक्सनची एक्स्चेंज होती. टॅपिंगची पूर्ण यंत्रणा त्यांनी विकत घेतलेली नव्हती, पण एका अपडेटसोबत तिचा मूळ भाग एक्स्चेंजमध्ये येऊन बसला होता. कुणीतरी आत शिरून तो गुपचूप चालू केला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारापासून २००५ च्या मार्चपर्यंत शंभराहून जास्त फोन ऐकले जात होते. त्यांत खुद्द पंतप्रधान कारामान्लिस होते, मंत्री होते, अथेन्सच्या महापौर होत्या. उघड कसं झालं? घुसखोरांनी स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलामुळे काही एसएमएस पोचेनासे झाले, तक्रारी आल्या, तपासणी झाली, तेव्हा. सरकारसाठी केलेल्या दारातून सरकारचंच बोलणं चोरीला गेलं.

दुसरं ताजं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या फोन कंपन्यांत चिनी हॅकर शिरल्याचं बाहेर आलं, सॉल्ट टायफून नावाने. न्यायालयीन टॅपिंगसाठी ठेवलेल्या यंत्रणेपर्यंतही ते पोचले. १९९४ च्या कायद्याने कंपन्यांना ही सोय ठेवणं बंधनकारक केलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनेच महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना एंड टू एंड एन्क्रिप्टेड ॲप वापरायचा सल्ला दिला. वर्षानुवर्षं एफबीआय त्याच कुलपाविरुद्ध बोलत आली होती.

गणिताला वर्दी दिसत नाही. दार पोलिसांना उघडत असेल तर ते त्या किल्लीची नक्कल करणाऱ्या प्रत्येकाला उघडतं.

मुलांबद्दलच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. वापरकर्त्याने तक्रार केली की त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात, ग्रुपचे फोटो आणि नावं कंपनीला दिसतात, त्यावरून खाती बंद होतात. ते पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. काही गुन्हेगार या कुलपामुळे निसटतात, हे मान्य करूनच मी कुलपाच्या बाजूने आहे.

मीनल_क्रॉयडन | मंगळवार, पहाटे ४:१०

इकडची बातमी सांगते, कारण इथे नुसती चर्चा नाही, प्रत्यक्ष घडलं. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये एक जादा संरक्षण होतं, ज्यात फोटो आणि बॅकअपची किल्ली फक्त आपल्याकडे राहते. ब्रिटिश सरकारने २०१६ च्या कायद्याखाली ॲपलला गुप्त आदेश दिला की या साठ्यापर्यंत पोचायची सोय करून द्या. असा आदेश मिळाला हे सांगणंही कंपनीला बेकायदा. ॲपलने मागचं दार केलं नाही, पण २१ फेब्रुवारी २०२५ ला ती सोयच इथल्या नव्या ग्राहकांसाठी काढून घेतली. बाबांचे केमोचे सगळे रिपोर्ट डोंबिवलीहून आई मला पाठवते, ते मी तिथेच ठेवते. ती सोय चालू करायचं मी आज-उद्या करत राहिले होते. आता बटणच नाही. डोंबिवलीत आईला मिळू शकणारं संरक्षण लंडनमध्ये मला नाही.

वकील_औंधकर | मंगळवार, सकाळी १०:००

दोन दुरुस्त्या, घाईत आहे.

"न्यायालयाच्या देखरेखीखाली" हे आपल्याकडे फार थोडं खरं आहे. कलम ६९ आणि २००९ च्या नियमांप्रमाणे आदेश काढतात गृह सचिव. आढावा समितीतही अधिकारीच. आधी न्यायाधीशाकडे जावं लागत नाही. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला काही बंधनं घातली, पण न्यायालयाची पूर्वपरवानगी तेव्हाही बंधनकारक केली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाच प्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्नच नव्हता. आदेश किती सहज निघतात ते त्यावरून कळावं.

आणि हे सगळं २०२१ ला सुरू झालं असंही नाही. सप्टेंबर २०१५ चा राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आठवा. नागरिकांनी आपले मेसेज साध्या वाचता येणाऱ्या रूपात ९० दिवस जपून ठेवावेत, असं त्यात होतं. इतका गदारोळ झाला की दोनच दिवसांत मागे घेतला. त्यानंतर २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आला, नऊ न्यायमूर्तींचा, खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवणारा. मे २०२१ मध्ये व्हॉट्सॲप नियम ४(२) विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं ते त्याच निकालाच्या आधारावर. एप्रिल २०२४ च्या सुनावणीत त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर सेवा इथून जाईल.

लासलगावकर | मंगळवार, सकाळी ११:३०

व्हॉट्सॲप गेलं तर आमचा कांद्याचा भाव सकाळी कुठे बघायचा?

शून्यएक | मंगळवार, सकाळी ११:४५

दुसरं ॲप येईल. पण मे २०२३ मध्ये सरकारने एलिमेंट आणि ब्रायरसकट १४ मेसेजिंग ॲप एकदम बंद केली, दहशतवादी वापरतात म्हणून. त्यांतली काही खुल्या स्रोताची, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही तपासता येतो अशी, ना नफा तत्त्वावरची आहेत. ब्रायर तर इंटरनेट बंद असतानाही ब्लूटूथवर चालतं, पूर आला, टॉवर पडला, तरी. मोठी कंपनी निदान न्यायालयात भांडू शकते. लहान ॲपला कोण विचारतो?

निवृत्त_फौजदार | मंगळवार, दुपारी ४:२०

औंधकर साहेब, गृह सचिवांचा मुद्दा बरोबर आहे, आम्हाला त्याची इतकी सवय होती की तो खटकायचाच नाही. ग्रीसचं मला ठाऊक नव्हतं.

मुलांच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. बाकी सगळ्यांची वही नको, हे मान्य. ज्याच्यावर संशय आहे त्याचा फोन जप्त करा, त्याने कोणाला कधी फोन केला ते काढा, ग्रुपमध्ये आपला माणूस घाला. हे काम आम्ही करायचोच. त्याला माणसं लागतात, वेळ लागतो. सायबर ठाण्यांत दोन्ही नाहीत, आणि त्याबद्दल कोणी नियम काढत नाही.

स्वाती ताई, त्या मुलीला परत पाठवलं त्याबद्दल मी माफी मागतो. ते ठाणं माझं नसलं तरी.

स्वाती_कोल्हापूर | मंगळवार, सायंकाळी ५:००

धन्यवाद, काका. सांगेन तिला.

मीनल, आईला एक सांग. व्हॉट्सॲपचे मेसेज कुलूपबंद असले तरी गूगलवर किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप आपोआप तसा नसतो. सेटिंगमध्ये चॅट, मग चॅट बॅकअप, तिथे एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करायचा. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवायला सांग. विसरला तर कंपनीसुद्धा परत देऊ शकत नाही. आमच्या बायकांना मी हेच पहिल्या भेटीत करून देते.

पांझराकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली.

आज दुपारी मी पालकांचा तो जुना ग्रुप उघडला. मुलं आता कॉलेजात आहेत, काही जणींची लग्नं झाली, पण ग्रुप आहे तसाच आहे. मी तिथे लिहिलं की जून २०१८ मध्ये मी टाकलेला व्हिडिओ खोटा होता, तो कुठून आला होता, त्याचा शेवट काय होता, आणि मी न तपासता पुढे पाठवला याची मला लाज वाटते. सात वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग तिघांनी हात जोडले. एका वडिलांनी विचारलं, "गुरुजी, तुम्हाला तो कोणी पाठवला होता?"

ती आईही त्याच ग्रुपवर आहे. तिने मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा मला दिसत होत्या. मी लिहिलं, "आता आठवत नाही."